जपानमध्ये फास्ट फूड चेनमध्ये जेवताना: तिकिटाचं यंत्र, वाडग्याचे आकार आणि न दिसणारा मासा

जपानमध्ये भाषेचा गंध नसताना स्वस्तात, पटकन आणि पोटभर जेवायचं असेल, तर तिथल्या देशी चेनइतकी सोयीची जागा नाही. योशिनोया, सुकिया, मात्सुया, नाकाऊ, तेन्या, मारुगामे सेइमेन, कोको इचिबान्या, मॉस बर्गर ही नावं जवळजवळ प्रत्येक मोठ्या स्टेशनाबाहेर दिसतात. आत ऑफिसातली माणसं, विद्यार्थी आणि टॅक्सीवाले शेजारीशेजारी बसून जेवत असतात. पदार्थाचा फोटो, आकार, किंमत आणि अ‍ॅलर्जीची माहिती छापलेली असते, त्यामुळे बोट दाखवलं तरी काम भागतं.

या सोयीची दुसरी बाजू निघण्याआधीच माहीत हवी. चेनचे सॉस, करी आणि सूपाचे अर्क बहुतेक मध्यवर्ती स्वयंपाकघरातून तयार होऊन येतात. दुकानातला कर्मचारी ते गरम करतो, वाढतो आणि मांडतो. त्यामुळे ‘गोमांस न घालता करी द्या’ किंवा ‘सूपात मासा नको’ असं सांगून उपयोग नसतो. त्याला द्यायची इच्छा असली तरी तसा सॉस दुकानात नसतोच. जे पाहायचं ते ऑर्डरीच्या आधी पाहायचं, आणि चालणार नसेल तर पदार्थ किंवा सरळ दुकान बदलायचं.

आपल्या ताटानुसार दुकान निवडा

सगळं खाणाऱ्यांनी सुरुवात ग्यूदोनपासून करावी. ग्यूदोन म्हणजे गरम भातावर कांद्याबरोबर शिजवलेले गोमांसाचे पातळ काप. योशिनोया १८९९ साली तोक्योच्या निहोनबाशी इथल्या मासळी बाजारात सुरू झालं. बाजारातल्या कामकऱ्यांना उभ्या उभ्या, पटकन आणि पोटभर खायला हवं असायचं. ती घाई या पदार्थात अजूनही टिकून आहे. ऑर्डर दिल्यावर एक-दोन मिनिटांत वाडगा समोर येतो. साध्या आकाराच्या वाडग्याला साधारण ४५० ते ५०० येन पडतात.

गोमांस न खाणाऱ्यांना ग्यूदोनच्या दुकानात जायला काहीच हरकत नाही, पर्याय मिळतात. सुकियात कोळशावर भाजलेल्या चिकनचा वाडगा आणि कच्च्या ट्यूनाचा वाडगा मिळतो. डुकराचं मांस चालत असेल तर योशिनोयाचं बुतादोन घ्या. अमेरिकेत गाईंचा बीएसई हा रोग सापडला आणि जपानने तिकडच्या गोमांसाची आयात थांबवली, तेव्हा २००४ साली योशिनोयाला ग्यूदोन बंद करावं लागलं. बुतादोन त्या काळात आलं. मात्र गोमांस टाळणाऱ्यांसाठी सर्वांत निर्धास्त निवड म्हणजे नाकाऊचं ओयाकोदोन. त्यात चिकन आणि कांदा गोडसर रश्शात शिजवून वरून अंडं ओततात. अंडं मुद्दामच थोडं ओलं ठेवतात, ते कच्चं राहिलेलं नसतं. तरी ओलं अंडं जात नसेल तर हा पदार्थ तुमच्यासाठी नाही.

मासे खाणाऱ्या कोकणातल्या आणि गोव्यातल्या माणसांनी तेन्या चुकवू नये. नेहमीच्या तेनदोनमध्ये कोळंबी, स्क्विड, पांढरा मासा, भोपळा आणि फरसबी यांची तेम्पुरा भातावर रचून वरून गोडसर काळा सॉस घातलेला असतो. पीठ हलकं आणि तळण कुरकुरीत. सॉस भातात मुरायच्या आत खायला सुरुवात करा, कारण पाच मिनिटांनी खालची तेम्पुरा मऊ पडते.

शाकाहाऱ्यांचं दुकान निवडायचं काम सर्वांत बारकाईचं आहे. त्यांच्यासाठी कोको इचिबान्या आणि मॉस बर्गर हे दोन खरे आधार आहेत. दोन्हींबद्दल पुढे सविस्तर येईल.

न दिसणारा मासा

जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी. पाण्यात कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे वाळवून धुरी दिलेल्या माशाचे कीस, उकळून दाशी काढतात. मिसो सूप (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं), उदोनचं म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सचं सूप, तेम्पुराचा सॉस, शिजवलेल्या भाज्या, गोड तोफूच्या पिशवीत भात भरलेली इनारी सुशी, या सगळ्यांत दाशी असते. ताटात माशाचा तुकडा दिसत नाही, म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही. ‘भाजीची तेम्पुरा आहे, घ्यायला काय हरकत’ असं म्हणणारे इथेच फसतात. तेल कोळंबी तळलेलंच असतं आणि सॉसमध्ये दाशी असते.

अ‍ॅलर्जीचा तक्ताही इथे अर्धाच उपयोगी पडतो. मोठ्या चेन हा तक्ता वेबसाइटवर देतात, अनेकदा इंग्रजीतही. त्यात अंडं, दूध, गहू, कोळंबी, खेकडा, सोबा (कुट्टू आणि त्याच्या नूडल्स), शेंगदाणा आणि अक्रोड असे, पाकीटबंद पदार्थांवर कायद्याने दाखवावेच लागणारे घटक असतात. शिवाय शिफारशीच्या यादीतले गोमांस, डुकराचं मांस, चिकन, जिलेटिन, सॅल्मन मासा असे घटकही बहुतेक जण दाखवतात. पण ज्या माशाची कात्सुओबुशी होते, तो कात्सुओ या यादीत नाही. म्हणजे रकान्यात एकही खूण नसलेल्या पदार्थातही दाशी असू शकते. गोमांस किंवा डुकराचं मांस टाळायला हा तक्ता उत्तम आहे. शाकाहार तपासायला पुरेसा नाही.

तळणीच्या तेलाचंही तसंच. जपानमधल्या मॅकडोनाल्ड्समध्ये फ्रेंच फ्राइज पाम तेलात गाईची चरबी मिसळून तळतात, म्हणून ‘निदान बटाटा तरी’ हा आपला नेहमीचा आधार तिथे चालत नाही. देशी चेनमध्येही कोरोक्के (कुस्करलेल्या बटाट्याचे तळलेले गोळे), बटाटा आणि कटलेट बहुधा एकाच कढईत तळले जातात. भांडं आणि तेल वेगळं असावं असा ज्यांचा कडक नियम आहे, त्यांनी चेनमध्ये तळलेलं काहीच घेऊ नये.

मद्याचा अंशही टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की साके आणि मिरिन या तांदळाच्या मद्याच्या प्रकारांचा जपानी सॉसमध्ये सर्रास वापर होतो. शिजताना बरंचसं अल्कोहोल उडतं, तरी घटक म्हणून ते असतं.

तिकिटाचं यंत्र

मात्सुया, नाकाऊ आणि असंख्य छोट्या उदोन-सोबाच्या दुकानांत दाराशीच यंत्र असतं. आत गेल्यावर आधी यंत्राकडे जायचं, खुर्चीकडे नाही. नवखे लोक जाऊन बसतात आणि कोणी विचारत नाही म्हणून ताटकळतात.

टच स्क्रीनच्या यंत्रात पहिलं काम भाषा बदलण्याचं. इंग्रजीचं बटण बहुधा पडद्याच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात असतं. मग इथेच खाणार की घेऊन जाणार ते विचारतात. तेन्नाइ म्हणजे दुकानात बसून, मोचिकाएरी म्हणजे पार्सल. यानंतर पदार्थाचा गट, पदार्थ, आकार आणि सोबत सेट हवा का, असे पडदे येतात. सेट म्हणजे बहुतेक वेळा सॅलड, अंडं किंवा मिसो सूप. शेवटी यादी एकदा पाहून पैसे देण्याची पद्धत निवडायची. इथे घाई करू नका. मागे रांग वाढली की लोक चुकून दोन सेट दाबतात आणि मग रद्द करायचं बटण सापडत नाही. पैसे भरायच्या आधी सगळं बदलता येतं. नंतर कर्मचाऱ्याला तिकीट दाखवून ‘सुमिमासेन’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणत सांगावं लागतं.

जुन्या बटणांच्या यंत्राचा क्रम उलटा असतो. आधी पैसे घालायचे, मग तेवढ्या पैशांत येणाऱ्या पदार्थांची बटणं उजळतात, आणि हवं ते दाबायचं. बटणावर लाल खूण दिसली की तो पदार्थ संपलेला. एका माणसासाठी भात, दुसऱ्यासाठी नूडल्स असं असेल तर एकामागून एक दाबा. सगळ्यांची तिकिटं निघाली की सुट्टे पैसे काढायची कळ फिरवा किंवा दाबा. बऱ्याच जुन्या यंत्रांत उरलेले पैसे आपोआप परत येत नाहीत, कारण यंत्र पुढच्या बटणाची वाट पाहत असतं. तिकीट घेऊन निघून गेलात तर तुमच्या पैशांवर पुढचा माणूस जेवेल.

नोटांची अडचण हमखास येते. ३ जुलै २०२४ पासून जपानमध्ये नव्या नोटा चलनात आल्या, आणि २०२१ मध्ये ५०० येनचं नवं नाणं आलं. लहान दुकानांतली काही जुनी यंत्रं दोन्ही ओळखत नाहीत. काही यंत्रं तर १,००० येनपेक्षा मोठी नोट घेतच नाहीत. एटीएममधून मात्र १०,००० येनच्या नोटा निघतात. उपाय सोपा आहे: सकाळी कोणत्याही कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये पाण्याची बाटली घेऊन मोठी नोट मोडा आणि १,००० च्या तीन-चार नोटा व १०० ची नाणी जवळ ठेवा. दुकानातच अडलात तर नोट दाखवून ‘र्‍योगाए ओनेगाइशिमासु’ म्हणा, सुट्टे करून देतील. रेल्वेचं सुइका किंवा पास्मो कार्ड मोठ्या चेनच्या यंत्रांवर चालतं, आणि तेच सर्वांत वेगवान पडतं.

तिकीट निघालं की जागा घ्या. काही ठिकाणी तिकीट समोरच्या काउंटरवर ठेवायचं असतं, कर्मचारी त्यातला अर्धा तुकडा फाडून नेतो. काही ठिकाणी तिकिटाच्या नंबरावर ऑर्डर आपोआप आत जाते. मग पडद्यावर नंबर झळकला की स्वतः जाऊन ट्रे आणायचा. शेजारचा माणूस काय करतो ते पाहिलंत तर अर्ध्या मिनिटात उलगडा होतो.

सगळीकडे पैसे आधी नसतात. सुकियात टेबलावरच्या टॅबलेटवर ऑर्डर देऊन निघताना गल्ल्यावर पैसे द्यायचे. योशिनोयाच्या अनेक शाखांत आणि कोको इचिबान्यातही जेवण आधी, बिल नंतर. मॉसमध्ये काउंटरवर पैसे देऊन नंबर घ्यायचा आणि बसायचं, खाणं जागेवर येतं. टीप कुठेच द्यायची नाही. नाणी ठेवून निघालात तर कर्मचारी विसरलात समजून मागे धावत येईल.

किमतींबद्दल एक तपशील. ऑक्टोबर २०१९ पासून जपानमध्ये दुकानात बसून खाण्यावर १० टक्के आणि पार्सलवर ८ टक्के कर लागतो. काही चेन दोन्हींची अंतिम किंमत सारखीच ठेवतात, काही ठेवत नाहीत. बोर्डावर दोन आकडे दिसले तर मोठा आकडा करासहित असतो.

वाडगा आणि त्याचे आकार

ग्यूदोनच्या दुकानात ‘स्मॉल, मीडियम, लार्ज’ एवढ्यावर भागत नाही. नामी हा नेहमीचा आकार. त्याखाली मिनी किंवा कोमोरी, वर ओमोरी आणि तोकुमोरी. प्रवासात नाश्ता चांगला झाला असेल तर नामी पुरतो. भात साधारण आपल्या दोन भरल्या वाट्यांएवढा असतो आणि चिकट असल्याने जड पडतो. भात कमी आणि वरचं मांस जास्त हवं असेल तर सुकियात चूमोरी घ्या. योशिनोयात ‘आतामा नो ओमोरी’ म्हणजे भात नामीचा, मांस मात्र ओमोरीचं. पैशाच्या मानाने हाच आकार सर्वांत चांगला, कारण मोठ्या आकारात तुम्ही बराचसा भातच विकत घेता.

वाडगा कसा भरतात ते काउंटरवर बसलात तर दिसतं. रुंद, उथळ भांड्यात सोया सॉस आणि साखरेच्या रश्शात मांस आणि कांदा मंद आचेवर सतत असतात. कर्मचारी भात वाडग्यात मोकळा ठेवतो, दाबत नाही. मग छिद्रांच्या पळीने एकाच झोकात मांस उचलतो, पळी क्षणभर तिरकी करतो आणि जास्तीचा रस्सा भांड्यात परत गळू देतो. भाताला किती रस्सा लागणार हे त्या क्षणावर ठरतं. रस्सा जास्त हवा असेल तर ‘त्सुयुदाकु’ म्हणा, अजिबात नको असेल तर ‘त्सुयुनुकी’. या दोन विनंत्या सहज मान्य होतात, कारण त्यासाठी वेगळा पदार्थ करावा लागत नाही.

काउंटरवर लाल आल्याचं लोणचं, बेनि शोगा, आणि सात मसाल्यांची पूड, शिचिमी, फुकट असते. आधी नुसता वाडगा चाखा, अर्ध्यावर आल्यावर बेनि शोगा घाला. सुरुवातीलाच घातलंत तर आंबटपणाने रश्शाची चव झाकते. कच्चं अंडं सोबत घेण्याची पद्धत आहे. ते फेटून वर ओतायचं असतं. कच्चं नको असेल तर हान्जुकु, म्हणजे अर्धवट उकडलेलं अंडं मागा. मात्सुयात बसून खाल्लंत तर ग्यूमेशीबरोबर, म्हणजे त्यांच्या ग्यूदोनबरोबर, मिसो सूप फुकट येतं. शाकाहाऱ्यांनी ते दाशीमुळे बाजूला ठेवावं.

या दुकानांतला सकाळचा नाश्ता पर्यटकांना फारसा ठाऊक नसतो, आणि तो खरोखर चांगला असतो. सुकियात पहाटे ५ ते सकाळी ११ भात, मिसो सूप, अंडं, भाजलेला मासा किंवा नात्तो असे सेट मिळतात. नात्तो म्हणजे आंबवलेले सोयाबीन, चिकट तारांचे आणि उग्र वासाचे. शाकाहारी प्रवाशाला प्रथिनांसाठी ते सोयीचे आहेत. मात्र सोबतच्या पुडीतल्या सॉसमध्ये दाशी असते. ती पुडी न फोडता स्वतःजवळचा साधा सोया सॉस वापरा.

मारुगामेची रांग

मारुगामे सेइमेन ही उदोनची चेन. नावातलं मारुगामे कागावा प्रांतातलं, पण पहिलं दुकान २००० साली ह्योगो प्रांतातल्या काकोगावा इथे निघालं. इथे ना टॅबलेट ना तिकीट. ट्रे घेऊन रांगेत सरकत जायचं. गोंधळ पहिल्या दहा सेकंदांतच होतो, कारण उदोनचा प्रकार लगेच सांगावा लागतो. म्हणून रांगेत उभं असतानाच बोर्ड पाहून ठरवून ठेवा. काके म्हणजे गरम सूपातला. बुक्काके म्हणजे दाट सॉस वर ओतलेला, हा गरम किंवा थंड मिळतो. कामाआगे म्हणजे लाकडी पात्रात, उकळलेल्या पाण्यासकट दिलेला, शेजारी बुडवायला सॉस. झारू म्हणजे थंड आणि निथळलेला. प्रकार, मग आकार, मग गरम की थंड, या क्रमाने सांगा किंवा बोर्डावर बोट दाखवा.

वाडगा ट्रेवर आला की पुढे तेम्पुराच्या परड्या लागतात. चिमट्याने हवे ते बशीत घ्या. भाज्यांची काकिआगे ही जाडजूड, विटेसारखी रचलेली भजी, एकच पुरते. दोन घेणाऱ्यांचा उदोन उरतो. मग गल्ला, आणि पैसे दिल्यावर फुकट टॉपिंगचा ओटा: चिरलेली पात, तळलेल्या पिठाचा चुरा म्हणजे तेनकासु, किसलेलं आलं. तेनकासु घालायचा तो खायच्या क्षणी, नाहीतर लापशी होते. पातीचा चिमटा दुसऱ्या भांड्यात घालू नका.

शाकाहाऱ्यांसाठी इथे एक वाट निघते. उदोन म्हणजे मैदा, पाणी आणि मीठ. कामाआगे घ्या, सोबतचा सॉस बाजूला ठेवा, आणि कन्व्हिनियन्स स्टोअरमधून आणलेला साधा सोया सॉस, पात आणि आल्याबरोबर खा. टेबलावरची सोया सॉसची बाटली वापरू नका, ती बहुधा दाशी-शोयूची, म्हणजे दाशी मिसळलेल्या सोया सॉसची असते. सोबत तिखट चटणीची पुडी असेल तर जेवण बेताचं वाटणार नाही. नूडल्सचं पोत इतकं चांगलं असतं की कमी मसाल्यातही मजा येते.

कोको इचिबान्या: करी आपल्या मापाने

ही १९७८ साली नागोयाजवळ सुरू झालेली करीची चेन. जगातली सर्वांत मोठी करी रेस्टॉरंट चेन म्हणून गिनेस बुकात २०१३ साली तिची नोंद झाली, आणि २०२० मध्ये तिचं दुकान आपल्याकडे गुरुग्राममध्येही निघालं. जपानी करी आपल्या रश्शापेक्षा वेगळी असते. ती पिठाने दाट केलेली, गोडसर, मसाला खोल शिजलेला पण खडे मसाले न जाणवणारी. आपल्या आमटीची आठवण काढत चाखलीत तर निराश व्हाल. स्वतंत्र पदार्थ म्हणून चाखा.

ऑर्डर चार पायऱ्यांची. पहिली पायरी सॉसची, आणि सर्वांत महत्त्वाची तीच. नेहमीचा सॉस डुकराच्या मांसाच्या अर्काचा असतो, दुसरा गोमांसाचा. नुसतं ‘व्हेजिटेबल करी’ निवडलंत तर भाज्या याच सॉसमध्ये येतात. शाकाहाऱ्यांनी ‘व्हेजिटेरियन सॉस’ अशी वेगळी निवड करायची. तो प्राणिज घटक न वापरता केलेला असतो आणि सगळ्या नाही तरी बऱ्याच शाखांत मिळतो. बसण्याआधी ‘बेजितारिआन सोस आरिमासु का?’ एवढं विचारा. अगदी काटेकोर असाल तर हेही लक्षात घ्या की स्वयंपाकघर आणि भांडी सामायिक आहेत.

दुसरी पायरी भाताची. नेहमीचं माप बऱ्यापैकी मोठं असतं. कमी भात घेतला तर थोडे पैसे कमी होतात, जास्त घेतला तर वाढतात. टॉपिंग घेणार असाल तर कमी भातच घ्या. तिसरी पायरी तिखटाची. आकडा वाढेल तसा थोडा पैसा वाढतो. महाराष्ट्रातल्या माणसाने ३ पासून सुरू करावं. ‘आम्ही ठेचा खातो’ म्हणून थेट वरचा आकडा मागणाऱ्यांची गडबड होते, कारण इथलं तिखट कोरड्या मसाल्याच्या पुडीतून येतं. ते हळूहळू चढतं आणि जिभेपेक्षा घशाला जास्त लागतं. खूप वरचे आकडे ५ नंबर खाल्लेल्यांसाठीच आहेत असा दुकानाचाही नियम आहे. तिखट कमी पडलं तर टेबलावर मसाल्याची पूड असते. जास्त झालेलं कमी करता येत नाही.

चौथी पायरी टॉपिंगची. शाकाहाऱ्यांना पालक, वांगं, टोमॅटो आणि शतावरी, भाज्यांचं मिश्रण, नात्तो हे चांगले. पालक आणि वांगं एकत्र मागा, करीचा गोडवा संतुलित होतो. चीज घातलंत तर तिखट एक आकडा वाढवा, ते तिखट खाऊन टाकतं.

मॉस बर्गर आणि कांदा-लसूण न खाणारे

मॉसचं पहिलं दुकान १९७२ साली तोक्योतल्या नारिमासू इथे निघालं. बर्गर ऑर्डर दिल्यावर बनतो, म्हणून दहा मिनिटं धरून चाला. ट्रेन पकडायची असेल तर इथे जाऊ नका. तांदळाच्या वड्यांमध्ये भरलेला राइस बर्गर १९८७ चा, आणि तो आवर्जून खावा. मासे खाणाऱ्यांसाठी त्यातला सीफूड काकिआगेचा प्रकार आहे. याकिनिकूचा मात्र गोमांसाचा. नेहमीच्या पॅटीत गोमांस आणि डुकराचं मांस मिसळलेलं असतं, हे दोन्ही टाळणाऱ्यांनी पक्कं लक्षात ठेवावं. त्यांच्यासाठी फिश बर्गर, कोळंबी-कटलेट बर्गर आणि तेरियाकी चिकन.

शाकाहाऱ्यांसाठी २०२० साली मॉसने ग्रीन बर्गर आणला. त्यात प्राणिज घटक नाहीत, शिवाय कांदा, लसूण, पात असे बौद्ध परंपरेत वर्ज्य मानलेले उग्र कंदही नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांतल्या माणसांना जपानच्या चेनमध्ये इतकं सरळ काही क्वचितच मिळेल. मेन्यू बदलत असतो, म्हणून त्या दिवशीच्या बोर्डावर तो आहे याची खात्री करा. एक सापळाही आहे: ‘सोय पॅटी’ लिहिलेले इतर बर्गर शाकाहारी समजू नका. पॅटी सोयाबीनची असली तरी वरचा सॉस मांसाचा असू शकतो. ‘ग्रीन बर्गर’ हेच नाव शोधा.

फिरत्या पट्ट्यावरची सुशी

१९५८ साली ओसाकाजवळ सुरू झालेली ही कल्पना आज सुशिरो, कुरा सुशी, हामा सुशी अशा चेनच्या रूपात सगळीकडे आहे. दाराशी यंत्रावर माणसं किती आणि टेबल की काउंटर ते दाबून नंबर घ्या. शनिवार-रविवारी संध्याकाळी तासभर थांबावं लागतं, तर साडेअकराच्या सुमाराला लगेच जागा मिळते. टेबलावर टच स्क्रीन असतो. पट्ट्यावरचं उचलण्यापेक्षा स्क्रीनवर मागवा. ताजं येतं आणि काय खाता आहात ते कळतं.

टेबलावरच्या छोट्या नळातून उकळतं पाणी येतं. ते डब्यातली हिरव्या चहाची पूड घालून चहा करायला आहे, हात धुवायला नाही. दरवर्षी कोणी ना कोणी बोटं भाजून घेतंच. कुरा सुशीत रिकाम्या बश्या टेबलाच्या खाचेत सरकवायच्या. दर पाच बश्यांना स्क्रीनवर एक खेळ येतो, मुलं त्यासाठी जास्त सुशी खातात.

कच्चा मासा पहिल्यांदा खाणाऱ्यांनी एबी म्हणजे उकडलेली कोळंबी, तामागो म्हणजे अंड्याची सुशी, आणि वरून ज्वाला दिलेला सॅल्मन यांनी सुरुवात करावी. बांगडा आवडणाऱ्यांनी शिमे साबा मागवावा. साबा बांगड्याच्याच कुळातला आहे, मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला, आणि त्याची तेलकट चव कोकणी जिभेला ओळखीची लागते. शाकाहाऱ्यांसाठी काकडीचे कप्पा माकी आणि नात्तो माकी आहेत, माकी म्हणजे भाताच्या गुंडाळ्या. सोबतचा सोया सॉस दाशीवाला असू शकतो म्हणून स्वतःचा न्या. वसाबी, म्हणजे नाकात जाणारी झणझणीत हिरवी चटणी, आता बहुतेक चेनमध्ये पुडीत वेगळी मिळते.

उठताना

दुपारी १२ ते १ ही ऑफिसांची वेळ. या तासात काउंटरवर वीस मिनिटांपेक्षा जास्त बसू नये आणि मोठी बॅग घेऊन जाऊ नये. सूटकेस स्टेशनच्या लॉकरमध्ये ठेवा. चार-पाच जणांचं कुटुंब असेल तर टेबलं असलेली शाखा शोधा. काउंटरवर पाच खुर्च्या एकत्र मिळणं अवघड.

जिथे ट्रे स्वतः आणला तिथे तो स्वतः परत करायचा, परतीची खिडकी बहुधा दाराजवळ असते. वाडगा, पेला आणि चॉपस्टिक्स आपापल्या जागी ठेवा, उरलेला रस्सा त्यासाठीच्या खळग्यात ओता. निघताना ‘गोचिसोसामा देशिता’ म्हणा, म्हणजे जेवणाबद्दल आभार. पार्सल घेतलं असेल तर रस्त्याने चालत खाऊ नका, आणि रिकामा डबा ठेवायला बॅगेत एक प्लास्टिकची पिशवी असू द्या. जपानच्या रस्त्यांवर कचऱ्याचे डबे फारसे सापडत नाहीत.